अकिलीस, त्याची माणसं आणि ५० मिनिटं : प्रकल्प नोंदी

३ जून
ठरलं एकदाचं. यंदा आमच्या वाचन मंडळाच्या अभिवाचनाला इलियड घ्यायचं, म्हणजे होमर या प्राचीन ग्रीक कवीचं ट्रॉयच्या युद्धावरचं महाकाव्य, ज्याचा नायक अकिलीस; सबंध नाही, तर गेल्या १५-२० वर्षांत ती गोष्ट ज्यांनी नव्याने सांगितलीय त्यांच्या अंगाने. वाचणारे ४ जण, वेळ ५० मिनिटं, सोसायटीचा हॉल, माइक एकच आणि तोही मूडवर. संहिता मी करायची असं एकमताने ठरलं, म्हणजे मी मीटिंगला उशिरा पोचलो.

विषय प्रेम आणि पराक्रम. काकांनी लगेच विचारलं, ग्रीक कशाला, आपल्याकडे काय कमी आहे? कमी काहीच नाही, उलट भरपूर आहे म्हणूनच सोपं जाईल असं वाटतं. १९६७ साली मराठीत मृत्युंजय आलं आणि त्याच साली युगान्तसुद्धा. एकाने कर्णाला पोटाशी धरलं, दुसऱ्याने सगळ्यांना समोर बसवून हिशेब विचारला. ही दोन पुस्तकं ज्याच्या कपाटात शेजारी शेजारी आहेत त्याला ग्रीकांच्या बाबतीत सध्या इंग्रजीत काय चाललंय ते फार समजावावं लागू नये. बघू.

६ जून
सगळ्यांना आधी ट्रॉय आठवतो, २००४ चा सिनेमा, ब्रॅड पिट. म्हणून पहिल्या पानावरच तीन गोष्टी क्लिअर करून टाकल्या. इलियडमध्ये लाकडी घोडा नाही. अकिलीसची दुबळी टाच नाही, त्याला लहानपणी पाताळातल्या स्टिक्स नदीत बुडवण्याची ती गोष्ट आपल्यापर्यंत आलीय ती स्टेशियस नावाच्या रोमन कवीकडून, होमरनंतर कित्येक शतकांनी. आणि अकिलीसचा मृत्यूसुद्धा नाही, तो होणार हे सगळ्यांना माहितीये एवढंच. १५ हजारांवर ओळी, २४ सर्ग, आणि त्यात १० वर्षांच्या युद्धातले मोजके दिवस. पहिलाच शब्द राग. शेवटी अकिलीसने मारलेल्या हेक्टरला, ट्रॉयच्या राजपुत्राला, अग्नी देतात आणि संपलं.

सिनेमात पॅट्रोक्लस, अकिलीसचा सगळ्यात जवळचा सोबती, त्याचा चुलतभाऊ आहे. जुन्या वंशावळीत तसं नातं सापडतं पण, म्हणजे अगदीच हवेतून काढलेलं नाही, फक्त सिनेमाने ते कशासाठी वापरलं ते दिसतंच, दोन पुरुष एकमेकांसाठी एवढे वेडे का याला घरगुती उत्तर मिळून जातं आणि कोणाला अवघडल्यासारखं होत नाही.

९ जून
मॅडलिन मिलर. द साँग ऑफ अकिलीस, २०११. बाई शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवायच्या आणि या एका कादंबरीवर १० वर्षं बसल्या, २०१२ चं ऑरेंज प्राइझ मिळालं. गोष्ट सांगतो पॅट्रोक्लस, आणि इथेच सगळी गंमत आहे. हिरोची गोष्ट हिरोवर जीव टाकणाऱ्या माणसाने सांगितली की हिरोचे हात, त्याची पावलं, अंजिरं हवेत उडवून झेलणं हेच दिसत राहतं, मारलेल्या माणसांचा आकडा मागे जातो.

पण मिलरचा पॅट्रोक्लस लढाईत कच्चा आहे. होमरचा नाही हो. होमरच्या १६व्या सर्गात तो तीनदा चाल करून जातो आणि दरवेळी ९ माणसं मारतो, आणि चौथ्यांदा ट्रॉयच्या बाजूचा देव अपोलो त्याच्या पाठीत तडाखा देतो तेव्हा कुठे तो थांबतो. मग युफॉर्बस नावाचा ट्रॉयचा योद्धा मागून भाला मारतो, आणि हेक्टर येतो तो तिसरा. मरता मरता पॅट्रोक्लस हेक्टरला ते सुनावतोपण, की बाबा तू तिसरा. म्हणजे कादंबरीत त्याचं शस्त्र काढून हातात औषधाची पेटी दिलीय असं आधी वाटलं आणि मी समासात जरा रागानेच लिहिलं, "गुळमट".

मग ११वा सर्ग परत काढला आणि ओशाळलो. तिथे युरिपिलस नावाचा ग्रीक योद्धा मांडीत बाण घेऊन लंगडत येतो, आणि पॅट्रोक्लस स्वतःचं काम सोडून त्याला झोपवतो, सुरीने बाण काढतो, कोमट पाण्याने रक्त धुतो, कडू मुळी हातावर चुरडून जखमेवर दाबतो. ही विद्या त्याला अकिलीसने शिकवलेली, आणि अकिलीसला त्याचा गुरू कायरॉनने. सगळं होमरमध्येच आहे. मिलरने त्या चार-पाच ओळींचं बी उचललं आणि त्याचं अख्खं झाड केलं. समासातला शब्द खोडला.

१० जून
बर्लिनच्या संग्रहातल्या एका पेल्याचा फोटो अर्धा तास बघत बसलो. सोसियस कुंभाराचा पेला, इसवी सनापूर्वी ५०० च्या आसपासचा, इटलीत वल्चीला सापडलेला. आतल्या गोलात अकिलीस पॅट्रोक्लसच्या दंडाला पट्टी बांधतोय. पट्टी पांढरी. अकिलीस खाली बघतोय, सगळं लक्ष पट्टीच्या पेडात. पॅट्रोक्लसने तोंड फिरवलंय, ओठ उघडे, दात दिसतायत, इंजेक्शन घेताना आपण जसं भिंतीकडे बघतो तसं अगदी. दाढी पॅट्रोक्लसला आहे, अकिलीसला नाही, कारण पॅट्रोक्लस वयाने मोठा, ते इलियडमध्येच सांगितलंय. हा प्रसंग इलियडमध्ये कुठेच नाही. म्हणजे तेव्हाच्या चित्रकारानेसुद्धा तेच केलं जे मिलरने केलं, लढाईच्या मधली दोन मिनिटं शोधली.

हे चित्र स्क्रीनवर लावायचं की नाही? प्रोजेक्टर म्हणजे परत भाड्याचा प्रश्न. शब्दांत सांगू.

१३ जून
लाइट नव्हती. काही झालं नाही.

१५ जून
ग्रुपवर आज भांडण. प्रश्न एकच, ते दोघं प्रियकर होते की मित्र. सकाळी सातला सुरू झालं, दुपारी एकाने ग्रुप सोडला, रात्री परत आला.

मी मध्ये पडून एवढंच टाकलं की हे भांडण आपलं नाही, अथेन्सचं आहे. होमर सरळ काही म्हणत नाही. ग्रीक नाटककार एस्किलसने मर्मिडन्स नावाचं नाटक लिहिलं, ते गेलं, पण त्याचे जे तुकडे उरलेत ते अजिबात मोघम नाहीत, मांड्या आणि चुंबनं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. तत्त्वज्ञ प्लेटोच्या सिम्पोझियम या संवादात फीड्रस नावाचा एक जण म्हणतो की ते प्रेमीच होते, फक्त एस्किलसने कोण कोणाचा हे उलटं लावलंय, अकिलीस तर वयाने लहान आणि बिनदाढीचा. झेनोफोनने लिहिलेल्या त्याच नावाच्या दुसऱ्या पुस्तकात सॉक्रेटिस म्हणतो छे, सोबती होते फक्त. आणि होमरच्या ९व्या सर्गाच्या शेवटी दोघं एकाच राहुटीत झोपतात, पण दोघांच्या बाजूला एकेक पकडून आणलेली बाई आहे, पॅट्रोक्लसच्या बाजूची तर अकिलीसनेच दिलेली. घ्या, काय निष्कर्ष काढायचा तो काढा.

मला स्वतःला विचाराल तर १८व्या सर्गातली एक ओळ पुरेशी आहे. पॅट्रोक्लस गेल्यावर अकिलीस आईला सांगतो की सगळ्या सोबत्यांत मी त्याला मानायचो, माझ्या स्वतःच्या डोक्याइतका. डोकं म्हणजे तिथे जीवच. मराठीत "जीव की प्राण" करता येतं पण ते फार वापरून गुळगुळीत झालंय, लग्नपत्रिकेतल्या कवितेसारखं. "स्वतःच्या शिराइतका" केलं. वाचणारा म्हणतो जड आहे. असू दे जड, त्या माणसाने त्या वेळी डोक्यात राख घालून घेतलीय, अक्षरशः, आपल्याकडे वाक्प्रचार आहे तसा नाही, खरोखरची काळी राख.

स्क्रिप्टमध्ये मित्र नाही, प्रियकर नाही, फक्त नाव. पॅट्रोक्लस. ऐकणाऱ्याला कळेल.

१९ जून
ब्रायसीस. इथे अडकलोय चार दिवस, आणि एका शब्दावर अडकलोय.

ती लिर्नेससची. अकिलीसने गाव लुटलं, तिचा नवरा आणि ३ भाऊ त्या एकाच दिवशी मेले, आणि ती त्याच्या वाट्याला आली. वाटा हाच शब्द, लुटीतला मानाचा वाटा. ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉनने तो वाटा काढून घेतला म्हणून अकिलीस रुसला आणि त्या रुसण्यावर महाकाव्य उभं राहिलं. तिला मराठीत काय म्हणू? पहिल्या ड्राफ्टमध्ये दासी लिहिलं. वाचून बघितलं आणि लगेच जाणवलं की चुकलं, कारण मराठी कानाला दासी म्हटलं की नामयाची जनी ऐकू येते, दळण-कांडण करणारी आणि विठ्ठल सोबतीला. त्या शब्दावर सातशे वर्षांचं चंदन लागलंय. गुलाम केलं तर बाई दिसत नाही. मग आठवलं, पेशवाईच्या कागदांत विकत घेतलेल्या, पकडून आणलेल्या बायकांना कुणबीण, बटीक म्हणायचे. बटीक. आज आपण फक्त "सत्तेची बटीक" एवढ्यासाठी तो शब्द ठेवलाय, पण तो खरा एका बाईला लावलेला शब्द होता.

ही अडचण इंग्रजीवाल्यांनाही आलीच. एमिली विल्सन यांनी २०१७ ला होमरचंच दुसरं महाकाव्य ओडिसी आणि २०२३ ला इलियड इंग्रजीत आणलं, त्यात जिथे आधीचे बरेच अनुवादक मेड वगैरे लिहून मोकळे व्हायचे तिथे त्यांनी सरळ स्लेव्ह लिहिलं. त्याआधी २००५ ला मार्गारेट अॅटवुड यांनी ओडिसियसच्या बायकोची, पेनेलपीची, गोष्ट सांगताना तो परतल्यावर फाशी दिलेल्या घरातल्या त्या १२ जणींना कोरस करून मधेमधे आणलं. एक शब्द बदलला की घरातली नोकराणी एकदम पकडून आणलेली बाई होते, आणि मग ओडिसियस घरी परतला याचा आनंद घशाखाली सहज उतरत नाही.

बटीक ठेवलं. ताई म्हणाल्या कोणाला कळणार नाही. म्हटलं पहिल्यांदा येईल तिथे कळवू.

२१ जून
पॅट बार्कर, द सायलेन्स ऑफ द गर्ल्स, २०१८. गोष्ट बरीचशी ब्रायसीस सांगते. मिलर लगोलग वाचून झाल्यावर हे वाचणं म्हणजे त्याच छावणीत मागच्या दाराने शिरणं, जिथे घाण आहे, उंदीर आहेत, माग आहेत. मिलरकडे पॅट्रोक्लसच्या सांगण्यावरून अकिलीस तिला मागून घेतो, ती वाचावी म्हणून, आणि मग अशा बऱ्याच जणींना. वाचताना मन भरून येतं आणि पुस्तक मिटल्यावर वाटतं की हे जरा जास्तच सोयीचं झालं, आपल्याला हा मुलगा आवडायला हवा म्हणून लेखिकेने त्याचे हात धुवून दिले. बार्कर ते करत नाहीत. त्यांचा अकिलीस गाणं सुंदर म्हणतो आणि तरी तिच्यासाठी तो तिचे भाऊ मारणारा माणूसच राहतो.

होमर? होमर दोन्ही आहे, हे माझं म्हणणं आणि स्क्रिप्टचा कणा हाच. ९व्या सर्गात अकिलीस विचारतो, बायकोवर प्रेम काय फक्त अॅट्रियसच्या पोरांनीच, म्हणजे अगामेम्नॉन आणि त्याच्या भावानेच, करायचं? मीही हिच्यावर मनापासून केलं, भाल्याने जिंकलेली असली तरी. टाळ्याच पडाव्यात. आणि १९व्या सर्गात तोच अकिलीस तिच्याबद्दल म्हणतो की मी लिर्नेसस घेतलं त्या दिवशीच आर्टेमिस देवीने बाण मारून हिला जहाजांपाशी मारून टाकलं असतं तर बरं झालं असतं, आपली इतकी माणसं तरी वाचली असती. तीच बाई, तोच माणूस, मध्ये १० सर्ग. हे दोन्ही उतारे लागोपाठ ठेवलेत, मध्ये निवेदन नाही.

रोमन ओव्हिडनेही ब्रायसीसला पत्र लिहायला लावलंय, हेरोइडीसमध्ये तिसरं, आणि ती सुरुवातीलाच म्हणते की हे डाग दिसतायत ते अश्रूंचे. पण ओव्हिडची ब्रायसीस मला परत घे म्हणून विनवते. २००० वर्षांनी बार्करची ब्रायसीस पळता येईल का ते बघते. बायकांच्या तोंडून सांगणं ही नवीन फॅशन आहे असं म्हणणाऱ्यांसाठी एवढी ओळ टाकून ठेवतो.

२२ जून
काल राहिलं ते. ब्रायसीस इलियडमध्ये एकदाच बोलते, १९व्या सर्गात, १४ ओळी. पॅट्रोक्लसच्या प्रेतावर पडून. म्हणते माझा नवरा मेला तेव्हा तू मला रडूसुद्धा दिलं नाहीस, म्हणालास अकिलीसशी तुझं रीतसर लग्न लावून देईन, तू नेहमी माझ्याशी मऊ वागलास. बास. आणि मग होमर एक ओळ टाकतो की बाकीच्या बायकाही रडल्या, निमित्त पॅट्रोक्लसचं, पण रडली जी ती आपापल्या दुःखाला.

ही ओळ मी आधी दोनदा वाचून पुढे गेलेलो. निमित्त. गावाकडे मयताला जमलेल्या बायका रडताना कोण कशाला रडतंय हे ज्याने ऐकलंय त्याला हे सांगायची गरज नाही. आत्ताच्या या सगळ्या कादंबऱ्या मला वाटतं याच ओळीतून निघाल्यात, त्या बाकीच्या बायकांना एकेक करून विचारलंय की तुझं काय.

२६ जून
हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमॅकी. ६वा सर्ग. हा भाग सगळ्यांना आवडतोच, त्यामुळे मी जरा कमी लक्ष देणार होतो. भिंतीवर भेट, शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा बघून पोरगं किंचाळतं, आईबाप हसतात, हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो आणि पोराला उचलतो.

पण अँड्रोमॅकी काय सांगते ते नीट वाचा. तिचा बाप आणि ७ भाऊ एकाच दिवशी अकिलीसने मारले. म्हणून ती हेक्टरला म्हणते तूच माझा बाप, तूच आई, तूच भाऊ आणि तूच माझा नवरा. माहेर अकिलीसने जाळलं तिचं. आणि अगामेम्नॉनच्या वाट्याला आलेल्या ज्या क्रायसीसवरून पहिल्या सर्गात भांडण पेटतं ती पकडली गेली ती याच गावातून, थीबीतून. म्हणजे राजवाड्यातली राणी आणि छावणीतली बटीक यांच्यात फरक फक्त एवढाच की एकीच्या शहराची भिंत अजून उभी आहे. हे कोणी मुद्दाम नव्याने घुसडलेलं नाही, गावाची नावं जुळवली की झालं.

हेक्टर काय म्हणतो? मला ट्रॉयच्या लोकांची लाज वाटेल, लांब पदरांच्या बायकांचीही. मग तिला सांगतो घरी जा, मागावर बस, युद्ध पुरुष बघतील. प्रेम आहे त्याचं, शंका नाही. पण लोक काय म्हणतील याच्यापुढे ते जात नाही.

३० जून
ऑर्फियस घ्यायचा मोह झालेला, मेलेल्या बायकोला आणायला पाताळात गेलेला आणि परतताना मागे वळून बघितल्याने तिला गमावलेला तो गायक. त्याच गोष्टीवरचं हेडीसटाउन हे संगीत नाटक २०१९ ला ब्रॉडवेवर आलं, ८ टोनी पुरस्कार मिळाले, आणि त्याच साली सेलीन सियामाच्या सिनेमात बायका बसून ती गोष्ट वाचतात आणि भांडतात की त्याने मागे वळून बघितलंच का. प्लेटोचा तो फीड्रसही ऑर्फियसला नावं ठेवतो, म्हणतो हा पडला गाणारा, प्रेमासाठी मरायची हिंमत नव्हती, जिवंतच पाताळात घुसायला बघत होता. नवऱ्याच्या जागी मेली ती अल्सेस्टिस खरी. मस्त आहे सगळं, पण ५० मिनिटांत नाही बसत. पूर्ण भाग कट. ३ पानं गेली, जिवावर आलं.

४ जुलै
कीर्ती. "मरावे परी कीर्तिरूपे उरावे" शाळेच्या भिंतीवर वाचून मोठे झालोय आपण, त्यामुळे अकिलीसची निवड ऐकणाऱ्याला लगेच पटेल. ट्रॉयला राहिलास तर लवकर मरशील आणि नाव अमर, घरी गेलास तर म्हातारा होशील आणि नाव नाही. गंमत म्हणजे ९व्या सर्गात हे सांगताना तो घरी जायचं म्हणतोय. राहतो तो शेवटी कीर्तीसाठी नाहीच, पॅट्रोक्लस मेला म्हणून राहतो. आणि ओडिसीत मेल्यावर भेटतो तेव्हा म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा एखाद्या भूमिहीन माणसाकडे मजुरी केलेली बरी. भिंतीवरच्या सुविचाराला तिथेच तडा गेला.

मग प्रायम, ट्रॉयचा राजा आणि हेक्टरचा बाप. म्हातारा रात्री एकटा शत्रूच्या राहुटीत येतो आणि मुलाला मारणाऱ्याच्या हातांचं चुंबन घेतो. दोघं रडतात, एक हेक्टरसाठी, एक बापासाठी आणि मध्येच पॅट्रोक्लससाठी. इथे इलियड संपल्यातच जमा. बार्कर इथे काय करतात तर ब्रायसीसला तिथे उभी ठेवतात, आणि तिच्या मनात येतं की प्रायमने एकदा केलं ते थोर, पण नवरा आणि भाऊ मारणाऱ्याच्या अंथरुणात जायची वेळ आमच्यासारख्या किती जणींवर रोज आली. प्रायम लहान होत नाही त्याने. मला तरी नाही वाटला. फक्त खोलीत अजून एक माणूस होतं हे दिसतं. आणि होमरमध्येही अकिलीस आपल्याला शेवटचा दिसतो तो झोपलेला, बाजूला ब्रायसीस. तिला झोप लागली का ते नाही सांगितलेलं.

११ जुलै
पहिली तालीम. ५८ मिनिटं. काका शिरस्त्राणाचा तुरा वाचताना हसले आणि पोराचं किंचाळणं करून दाखवायला लागले, ते बंद केलं. बटीक शब्दाला काही अडलं नाही. "स्वतःच्या शिराइतका" दोनदा अडखळला.

१३ जुलै
दुसरी तालीम. ट्रॉयवाली सुरुवात निम्मी केली. ओव्हिड गेला.

शेवटचा उतारा काकूंकडे दिलाय, २२वा सर्ग. हेक्टर मेलाय, सगळ्या शहराला माहितीये, फक्त अँड्रोमॅकीला नाही. ती आत मागावर बसलीय, फुलं विणतेय कापडात, आणि बायकांना सांगते की मोठं तीन पायांचं भांडं चुलीवर चढवा, हेक्टर लढाईवरून आला की त्याला आंघोळीला गरम पाणी लागेल. मग बाहेरून आवाज येतो आणि तिच्या हातातला धोटा खाली पडतो.

काकूंनी सपाट वाचलं, काही केलं नाही आवाजाचं, आणि तेच बरोबर होतं. वाचून झाल्यावर चष्मा काढून विचारलं, त्या तापवलेल्या पाण्याचं काय झालं पुढे? म्हटलं नाही सांगितलंय, ती पुढे त्याचे कपडे जाळायचं म्हणते, पाण्याचं परत नाव नाही. त्या म्हणाल्या, मग पाण्यानंतर मला थांबू द्या जरा, लगेच धोटा पाडू नका.

पेन्सिलने लिहिलं, थांबा. एकूण ५१ मिनिटं.